मेनू मी लिहितो, नावं सीतारामकाकांची

मी एक छोटासा प्रोग्राम आहे, जेमतेम एकशे बारा ओळींचा. मला खिडकी नाही, बटण नाही, ओळखायला चित्रही नाही. मानखुर्दच्या एका विहाराच्या माळ्यावर अभ्यासिका आहे. तिथल्या तीन जुन्या कॉम्प्युटरांत मी राहतो. पडद्यावरच्या रिकाम्या जागी माउसचं उजवं बटण दाबलं की कामांची जी यादी उघडते, ती माझ्या हातची. तिला मेनू म्हणतात. तो लिहायचा, एवढंच माझं काम.

मला दर्शनाने लिहिलं. ती याच वस्तीत वाढली आणि आता अंधेरीच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेले हे तीन कॉम्प्युटर तिनेच मिळवले. नेहमीची सिस्टीम टाकली की त्यांचे पंखे घरघरायचे आणि माउस रांगायला लागायचा. म्हणून तिने हलकी सिस्टीम टाकली. त्या सिस्टीममध्ये खिडक्या उघडणं-मिटणं बघणारा एक मुकादम असतो. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात. तो कामाला चपळ, पण आपण होऊन काही शोधत नाही. मेनूत काय काय दाखवायचं, ते त्याला एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं.

आधी दर्शना ती फाइल हातानेच लिहायची. नवा प्रोग्राम टाकला की एक ओळ घाल, काढला की ओळ काढ, तेही तीन मशीनवर तीनदा. एका रविवारी ती वैतागली. "बस झालं, हे मशीननेच केलं पाहिजे," म्हणाली आणि जेवायला घरी जायच्या आत मला लिहून मोकळी झाली.

माझं काम अवघड नाही. प्रत्येक प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये येताना आपली एक चिठ्ठी ठेवतो. नाव काय, काम कोणतं, हाक कशी मारायची, हे तिच्यात असतं. मी सगळ्या चिठ्ठ्या वाचतो, लिहिण्याचे प्रोग्राम एकीकडे, चित्रांचे एकीकडे असे गट पाडतो आणि मेनूची फाइल पहिल्या ओळीपासून नव्याने लिहितो. जुनी पुसून. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

सीतारामकाका अभ्यासिकेत पेपर वाचायला यायचे. वय सत्तरीच्या पुढे. घाटकोपरच्या एका छापखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं खिळे जुळवले होते. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं आणि ओळ उभी करायची. मग मालकाने कॉम्प्युटर आणला आणि एका शनिवारी सगळे खिळे भंगारात गेले. काकांनी पुढची वर्षं वॉचमनकी करून काढली. अभ्यासिकेत ते कायम कॉम्प्युटरकडे पाठ करून बसायचे.

एकदा त्यांची नजर सुंदराबाईंच्या पडद्यावर गेली. सुंदराबाई विहाराची किल्ली सांभाळतात. नातीचे फोटो बघता यावेत म्हणून त्या माउस चालवायला शिकत होत्या.

"'पाठ्य संपादक'? हा कोण, पाठ्यपुस्तक मंडळावरचा साहेब?" काका म्हणाले. "आणि हा 'प्रतिमा दर्शक'?"

"त्यात फोटो दिसतात," सुंदराबाई म्हणाल्या. "मला काय वाचता येत नाय ते. वरून चौथं, एवढं ध्यानात ठेवलंय."

"मग सरळ 'फोटो बघा' लिहा ना!"

दर्शना हसली. "काका, तुम्हीच लिहा की."

ती नावं माझी नव्हती. चिठ्ठ्यांमध्ये जशी मिळाली, तशी मी उतरवली होती.

दर्शनाने काकांना मेनूची फाइल कशी उघडायची ते दाखवलं. तीन आठवडे काका एका बोटाने टाइप करत बसले. 'आकडेमोड', 'कागद वाचा', 'लिहायची वही'. बऱ्याच फाइली एकात बांधणाऱ्या प्रोग्रामच्या 'संग्रह व्यवस्थापक' या नावापाशी ते दोन दिवस अडले. शेवटी 'गाठोडं बांधा-सोडा' लिहिलं आणि स्वतःशीच हसले. एकेचाळीस नावं झाली. सुंदराबाई आता वरून मोजत नव्हत्या.

पुढच्या रविवारी दर्शनाने टायपिंगच्या सरावाचा नवा प्रोग्राम टाकला आणि सवयीने मला चालवलं. मी चिठ्ठ्या वाचल्या, फाइल नव्याने लिहिली. एक सेकंदसुद्धा लागला नाही.

"काका, माझं 'फोटो बघा' कुठं गेलं?" सुंदराबाईंनी विचारलं.

काकांनी वाकून पडद्याकडे पाहिलं. दर्शनाचा हात कपाळावर गेला. "वाट लागली. काका, माझी चूक आहे. हा दर वेळी सगळं नव्याने लिहितो, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. मी दुसरी प्रतही ठेवली नाही."

"तुझी कसली चूक?" काका शांतपणे म्हणाले. "मशीन आहे ते. माझं काम मशीनने पुसायची ही दुसरी वेळ." त्यांनी चष्मा खिशात घातला आणि जिना उतरून गेले.

मला सांगितलं होतं तेच मी केलं होतं. पण आपण कोणाचं काम पुसतोय, हे मी पाहिलं नव्हतं. ते पाहायची ओळच माझ्यात नव्हती.

त्या आठवड्यात दर्शनाने ती ओळ माझ्यात घातली. तिने एक वेगळी फाइल केली. तिच्यात एखादं नाव असेल तर चिठ्ठीतलं सोडून तेच घ्यायचं. ती फाइल मी फक्त वाचायची, तिच्यात लिहायचं नाही. फाइल तयार झाली, पण रिकामी. दर्शना दोनदा काकांच्या घरी गेली. काकांनी दोन्ही वेळा चहा दिला. "राग नाय गं पोरी," ते म्हणाले, "पण आता पुन्हा नको."

दोन महिन्यांनी नीलमची गोष्ट घडली. नीलम अभ्यासिकेत टायपिंग शिकत होती. तिची लेक दोन वर्षांची, तिला सोडून लांबची नोकरी जमणारी नव्हती. घरबसल्या दवाखान्यांचे कागद टाइप करायचं काम मिळण्यासारखं होतं, कॉम्प्युटरही तेच देणार होते. त्यासाठी बारा वाजता कॉम्प्युटरवर मुलाखत आणि टायपिंगची परीक्षा होती. नीलम साडेदहालाच आली, उजवं बटण दाबलं, तर मेनू नाही. इंग्रजीत एक तक्रार तेवढी उमटली: सत्तेचाळिसाव्या ओळीत चूक आहे.

चूक माझी होती. आदल्या दिवशी तिन्ही मशीनवर एक नवा प्रोग्राम आला होता. त्याच्या चिठ्ठीतल्या नावात '&' हे चिन्ह होतं. मी ते जसंच्या तसं उतरवलं. मुकादमाच्या भाषेत त्या चिन्हाचा अर्थ वेगळा असतो. त्याला ते कळेना, तेव्हा त्याने अख्खी फाइलच नाकारली.

नीलमने दर्शनाला फोन लावला. तो बंद. तिच्या कंपनीत फोन गेटवरच जमा करतात. नीलम तशीच धावत काकांच्या घरी गेली.

"काका, त्या फाइलीत तुमच्याशिवाय कोणी हात घातलेला नाही. बारा वाजता मुलाखत आहे माझी. चला ना!"

काका उठून उभे राहिले. मग म्हणाले, "चष्मा दे तो."

मेनूशिवाय 'लिहायची वही' उघडायच्या कीबोर्डवरच्या कळा त्यांना अजून पाठ होत्या. त्यांनी फाइल उघडली. पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ बघत ते सत्तेचाळिसावीपर्यंत आले.

"बघ, वरच्या सगळ्या ओळी एका साच्यातल्या. या ओळीत हा कोण आहे?"

"अँडचं चिन्ह आहे ते, काका."

"दुसऱ्या कुठल्या ओळीत आहे?"

"नाही."

"म्हणजे भलत्या खणातला खिळा लागलाय. काढ तो. 'व' टाक."

नीलमने 'व' टाकला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि मेनू आला. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. परीक्षा संपेपर्यंत काका जिन्यावर उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला "हळू रे, हळू" म्हणत होते. आठ दिवसांनी नीलमला काम मिळालं.

मुलाखतीच्याच संध्याकाळी दर्शना ऑफिसमधून थेट माळ्यावर आली होती. ते चिन्ह मुकादमाला समजेल असं कसं लिहायचं, हे तिने मला शिकवलं. मग काकांसमोर ती रिकामी फाइल उघडली. "यात तुम्ही लिहाल ते हा फक्त वाचणार. हात लावणार नाही."

काकांनी एकच नाव टाइप केलं: 'फोटो बघा'. "आता चालव त्याला."

दर्शनाने मला चालवलं. मी सगळा मेनू पुसून नव्याने लिहिला. 'फोटो बघा' जागच्या जागी होतं.

"परत."

मी परत लिहिलं. काकांनी मला पाच वेळा चालवायला लावलं. पाचव्यांदा ते नाव त्यांनी मोठ्याने वाचलं आणि खुर्ची पुढे ओढली. "चला, पुढचं नाव काय?"

आता त्यांच्या फाइलीत त्रेसष्ट नावं आहेत. तीनपैकी एक मशीन कायमचं बंद पडलंय. पुढच्या महिन्यात अभ्यासिकेत नवी मशीनं येणार आहेत. त्यांचा मेनू आपला आपण बनतो, त्यांना माझी गरज नाही. मी कुठे जाणार हे मला ठाऊक नाही. बहुधा कुठेच नाही. त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. मी गेलो तर दर्शना एका दुपारी दुसरा लिहील.

काकांच्या फाइलीचं मात्र तसं नाही. ती पुन्हा कोणत्याही दुपारी लिहून होणार नाही. म्हणून जो कोणी ही जुनी मशीनं उचलायला येईल, त्याला हात जोडून विनंती. मला खुशाल पुसा. फक्त त्याआधी माझ्या शेजारची ती छोटी फाइल उघडा, वाचा आणि सोबत घेऊन जा. ती माणसाने लिहिलेली आहे.