न वाळणारी भिंत

विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी वडिलांच्या अकोट्यातल्या घरातून ओसरलं, तशी अमोघने घरं वाळवून देणारी कंपनी बोलावली. घर कोरडं झालं की विकायचं आणि वडिलांना मांजलपूरच्या आपल्या फ्लॅटमध्ये न्यायचं, असा त्याचा बेत होता. गोविंदरावांना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

मोठाले पंखे आणि हवेतली ओल शोषणारी यंत्रं घरघरू लागली. सगळं घर वाळलं, देवघराची भिंत मात्र ओलीच राहिली. कारण गोविंदराव देवांच्या आंघोळीचं पाणी नेहमीसारखं तुळशीला न घालता रोज गुपचूप त्या भिंतीच्या मुळाशी ओतत होते. भिंत वाळत नाही तोवर घर आपलं, हा त्यांचा साधा हिशेब होता.

शेवटी कंपनीच्या जिग्नेशभाईने भिंतीला मीटर टेकवून मान हलवली.

"अमोघभाई, ही भिंत नाही सुकायची. पायातूनच पाणी चढतंय."

गोविंदरावांनी त्याला स्वतः चहा करून दिला, वर खारी बिस्किटंही.

"मग बिल्डरलाच देऊन टाकू," अमोघ म्हणाला. "तो पाडणारच आहे, त्याला ओली काय नि कोरडी काय! बाबा, सामान बांधायला घ्या."

दुसऱ्या दिवशी गोविंदरावांनी देवांचं पाणी तुळशीला घातलं.