सत्तेचाळीस नंबरचा फोटो

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. टाइप केलेल्या पानाच्या वर, पट्टीच्या अगदी टोकाला, एक लहानसे बटण असायचे. त्यावर लिहिलेले होते, 'एकसारखे करा'. अहवालात घातलेले सगळे फोटो एका दमात एका मापाचे करायचे, एवढेच माझे काम.

मला कुठल्या मोठ्या कंपनीने घडवले नाही. इमारतींची तपासणी करणाऱ्या एका कार्यालयातल्या टायपिस्ट बाईंनी घडवले. एकेका अहवालात दीडदोनशे फोटो असत. प्रत्येकाचा कोपरा माउसने धरून ओढता ओढता बाईंचे मनगट सुजायचे. मग जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सरकवून, त्यांनी मला ओळीओळीने लिहून काढले. पहिल्या दिवशी मी सगळे फोटो आडवे ताणले आणि सडपातळ खांब पिंपांसारखे फुगवले. बाई एकट्याच खुदकन हसल्या. मग त्यांनी मला लांबी-रुंदीचे प्रमाण शिकवले.

त्यानंतर माझे दिवस पालटले. जे काम संपायला दुपार लागे, ते चहा निवायच्या आत होऊ लागले. साहेब पाहुण्यांना मुद्दाम बाईंच्या टेबलापाशी आणत आणि म्हणत, "आमच्या कार्यालयाने तयार केलंय." बाई मान खाली घालून टाइप करत राहत. मला मात्र तेव्हा फार अभिमान वाटे. आता त्या अभिमानाची शरम वाटते.

एकदा एका शाळेचा अहवाल आला. म्हातारे तपासनीस फार मोजके लिहीत. शाळेच्या मागच्या सज्ज्याखाली, तुळईला तडा गेला होता. तो केवढा आहे हे कळावे म्हणून त्यांनी त्याच्यालगत पेन्सिल धरून फोटो काढला होता. खाली एकच ओळ होती, 'फोटो ४७ पाहावा.' पेन्सिल सहज आत जाईल एवढा तो तडा होता.

अहवाल त्याच दिवशी पाठवायचा होता आणि फाइल जड झाली होती. साहेबांनी सगळे फोटो बोटभर करायला सांगितले. बाई म्हणाल्या, "सत्तेचाळीस नंबरचा तेवढा मोठा ठेवू का? तपासनीसांनी मुद्दाम लिहिलंय."

"एकाला वेगळा न्याय कशाला? वर कोण एवढं बघत बसतंय?"

बाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी बटण दाबले. मी दोनशे बारा फोटो आक्रसवले आणि फाइल हलकी व्हावी म्हणून त्यांचा बारकावाही पुसला. तडा केसाएवढा झाला. वरून शेरा आला, 'इमारत ठीक.'

चौथ्या महिन्यात तो सज्जा कोसळला. मुले अजून यायची होती. खाली झाडणाऱ्या मावशी मात्र त्यात सापडल्या. त्यांचा एक पाय गुडघ्यापासून काढावा लागला. हे मला कळले, कारण अपघाताचे फोटोही माझ्याकडेच आले. या वेळी साहेबांनी ते पानभर मोठे करायला सांगितले.

तपासनीस आले आणि त्यांनी जुना अहवाल उघडायला लावला. बाईंनी फोटोचा कोपरा धरून ओढला. फोटो वाढला, पण त्यात करड्या डागापलीकडे काही उरले नव्हते.

"तडा कुठंय, बाई?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

बाईंनी फोटोचा कोपरा सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. प्रोग्रॅमने फोटो आपोआप लहान केले, कुणी सांगितले नव्हते, असे त्यात होते.

"तुम्हीच सांगितलं होतंत, साहेब."

"ते कुठं लिहिलंय? बटण तुमचं, हात तुमचा. सही केलीत तर दोघंही वाचू. यंत्राला कुणी घरी बसवत नाही."

बाईंच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. अंथरुणाला खिळलेली आई, शिकणारी बहीण. त्यांनी सही केली. अक्षर नेहमीसारखेच सुरेख आले.

मग माझे बटण सगळ्या संगणकांवरून काढून टाकले. ते काम बाईंनाच दिले. माझी एक प्रत अडगळीतल्या संगणकावर राहून गेली आहे, म्हणून हे सांगू शकतो. लोक म्हणतात, चूक प्रोग्रॅमची होती. मावशींनाही तेच सांगितले गेले. कुबडी टेकत त्या कार्यालयात आल्या आणि बाईंनाच म्हणाल्या, "मशिनवर कसला राग धरायचा, ताई?" बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. खरे तेवढे दिले नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. माझ्यासारखे आणखी शंभर येतील. पण कुणी तुम्हाला सांगितले की हे आपोआप झाले, तर मान डोलावून घरी जाऊ नका. आपोआप मी आजवर एकही फोटो लहान केलेला नाही.