उजळलेला पडदा

१९८६ साली तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुचित्रा बिनखिडकीच्या अंधाऱ्या खोलीत काम करायची. यंत्रांवरचे छोटे पडदे फार मंद दिसत. ते तिने उजळवले, की तिची पुण्याला, नवऱ्याच्या गावी, बदली करायचं साहेबांनी कबूल केलं होतं.

त्या दुपारी तिने पडद्यामागच्या दिव्यावरच्या दुधी थरावर बारीक खाचांचा पारदर्शक थर ठेवला. बाजूला सांडणारा प्रकाश सरळ समोर आला आणि आकडे लख्ख दिसले.

साहेब खूश झाले. "आता तुम्हाला सोडून कसं चालेल? हे दुसऱ्या कुणाला जमणार?"

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"पुढच्या वर्षी बघू."

संध्याकाळी नवऱ्याने फोनवर विचारलं, "जमलं का गं?"

"पडद्याचं जमलं," ती म्हणाली.