न वाचलेल्या पुस्तकावरचं मत

आमच्या वाचनालयात पुस्तक परत करताना मत लिहून द्यावं लागे. सक्करदऱ्याकडच्या आमच्या वस्तीत बुद्धविहाराला लागून एक खोली होती, खोलीत तीन कपाटं आणि कपाटांपुढे मारोतराव. मिलमधून रिटायर झाल्यावर त्यांनी हे वाचनालय अंगावर घेतलं आणि नियमही स्वतःच केला. “वाचलं ना? मंग काय वाटलं ते लिहा. नाई त नेलं काहाले?” आपण लिहिलेली चिठ्ठी ते पुस्तकाच्या शेवटच्या पानाला खळीनं चिकटवत. पुढच्याला पुस्तक नेण्याआधी मागच्यांची मतं वाचता यायची. चिठ्ठी नाही तर दुसरं पुस्तक नाही.

ही त्र्याहत्तर सालची गोष्ट. माझा सुगत तेव्हा सव्वा वर्षाचा होता. तो झोपला की मी वाचायची, आणि दर दोन पानांनी त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास पाहायची. बी.ए. झालेली असल्यामुळे माझ्या चिठ्ठ्या लांबलचक असत. युरोपच्या एका प्रवासवर्णनावर मी लिहिलं होतं, की लेखक चौदा शहरं फिरले, तिथले पुतळे एकूण एक सांगितले, पण कपडे कुठे धुतले आणि पोट बिघडलं तेव्हा काय केलं हे कुठेच नाही. बरोबर बायको होती, हे एकशे दहाव्या पानावर कळतं. एका ऐतिहासिक कादंबरीत राणी बाळंत होते आणि पुढच्याच पानावर घोड्यावर बसते. मी लिहिलं, लढाया चांगल्या आहेत, बाळंतपण खोटं आहे. स्वयंपाकाच्या पुस्तकात पानोपानी ओला नारळ. मी नारळाच्या जागी जवस घालून तीन पदार्थ केले, दोन जमले, तेही चिठ्ठीत लिहिलं. कवितांच्या एका पुस्तकातलं निम्मं मला समजलं नाही. मिलच्या भोंग्यावरच्या चार ओळी मात्र आवडल्या, म्हणून मारोतरावांना वाचून दाखवल्या. ते म्हणाले, “भोंगा असा नाई वाजत, बाई.” मग तेही चिठ्ठीत घातलं.

वस्त्यांमधल्या बायकांवर एक कादंबरी होती. तिच्यात सगळ्या बायका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत रडत होत्या. लेखक आमच्या नळावर सकाळी कधी उभा राहिलेला नाही, असं मी लिहिलं. ती चिठ्ठी वाचायला बायका मुद्दाम आल्या. तेव्हापासून, “सुमतीताईची चिट्ठी असन ते द्या,” असं कोणीतरी म्हणायचंच. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी बाळांच्या संगोपनाचं एक जुनं पुस्तक नेलं. कोणा डॉक्टरांनी लिहिलेलं, जाड पुठ्ठ्याचं. अकरा पानं झाली आणि सुगतला गोवर निघाला. नऊ दिवस मी त्याच्या उशाशी होते. पुस्तक फळीवर पडून राहिलं. ताप उतरला त्याच रविवारी पुस्तकाची मुदत संपली. मला आता एखादी खुनाची कादंबरी हवी होती, जिच्यात एकही लहान मूल नसेल अशी. मारोतरावांनी सवयीप्रमाणे कोरी चिठ्ठी पुढे केली.

वाचलेली अकरा पानं आंघोळ आणि दुपट्यांची होती. त्यांत चूक काही नव्हती. मी उभ्या उभ्या लिहिलं : “लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात असावं असं पुस्तक. सगळं पटलं.” आणि खुनाची कादंबरी घेऊन घरी आले.

आमच्यापासून तिसऱ्या घरातल्या प्रेमिलाची मुलगी तेव्हा दोन आठवड्यांची होती. प्रेमिला मॅट्रिक झालेली. नवरा कन्हानला कामाला, शनिवारी यायचा. घरात ती आणि सासू बायजाबाई. पुस्तक प्रेमिलानं नेलं, हे मला मारोतरावांनीच कौतुकानं सांगितलं होतं.

मग तिची मुलगी रडायला लागली. मी कान देऊन ऐकणारी बाई आहे. कोणत्या घरचं मूल कधी रडतं हे मला माहीत असतं. हे रडणं थांबतच नव्हतं. एकदा खिडकीतून दिसलं, प्रेमिला दारात उभी होती, घरात रडणं चालू, आणि ती रस्त्याकडे पाहत होती. पोटात दुखत असेल पोरीच्या, असं मी ठरवलं. वाचणारी मुलगी आहे, तिला कळत असेल, असंही ठरवलं. असे तीन आठवडे गेले.

एका सकाळी बायजाबाई दारात आल्या. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “काय वं सुमती, तू त्या पुस्तकात काय लिहिलं?”

“कोणत्या, मावशी?”

“लेकराच्या. चार घंटे झाल्याबिगर प्रेमिला पोरीले अंगावर घेत नाई. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत त नाईच नाई. मी म्हनलं त म्हनते, ताईले सगळं पटलं हाय. पोरगी रडून रडून सुकून राहिली.”

“मग तुम्ही दटावायचं ना तिला!”

“मी कशी दटावू? छापलेलं हाय ते. मी पाच लेकरं वाढवली, पन छापलेलं एक बी नाई माह्यापाशी.”

ही तीच बाई, जिनं मुलासाठी पाहिलेल्या दोन पोरी, वाचता येत नाही म्हणून नाकारल्या होत्या. आमच्या वस्तीत अक्षराला मान होता. त्या अक्षराखाली माझंही अक्षर चिकटवलेलं होतं. मी सुगतला कडेवर घेतलं आणि तशीच निघाले.

प्रेमिला पलंगावर बसली होती. समोर स्टुलावर गजराचं घड्याळ, शेजारी उघडं पुस्तक. पाळण्यात मुलगी रडत होती. आवाज मोठा नव्हता, बसलेला होता. पायांच्या काड्या झालेल्या.

“पाज तिला, प्रेमिला.”

“पस्तीस मिनिटं हायत अजून, ताई. मधात पाजलं त पोट बिघडते. रडल्यानं छाती मजबूत होते. पान तेवीस. तुम्हाले त माहीतच हाय.”

“मी पान तेवीस वाचलंच नाही.”

“विसरल्या असान.”

“विसरले नाही गं. अकरा पानं वाचली होती. सुगतला गोवर निघाला, त्यात राहून गेलं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “मंग लिहिलं काहून, सगळं पटलं म्हनून?”

“चिठ्ठीशिवाय दुसरं पुस्तक मिळत नाही. मला खुनाची कादंबरी हवी होती.”

“खुनाची!” बायजाबाई दारातून म्हणाल्या. “माय वं! अन् याच्यासाठी माह्या नातीले उपाशी मारून राहिल्या तुम्ही दोघी?”

प्रेमिला हळूच म्हणाली, “मी कानात कापूस घालत होती, ताई. तीन हप्ते.”

तिनं मुलीला उचललं आणि अंगाशी घेतलं. मुलगी जोरात ओढायची, सोडायची, पुन्हा रडायची. दूध कमी झालं होतं. मी सुगतचा हात इतका घट्ट धरला होता की तो कुरकुरला. बायजाबाई म्हणाल्या, “ओढू दे तिले. ओढलं की येते.” यावेळी त्यांना कोणी पान विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. सिस्टरनं वजन केलं. जन्मली तेव्हापेक्षा जेमतेम पावशेर जास्त. “पाच हप्त्यांत एवढंच? काय खेळ लावला?” सिस्टर ओरडली. मी म्हटलं, चूक माझी आहे. तिनं मला विचारलं, “तुम्ही कोण?” उत्तरासाठी ती थांबली नाही. मागेल तेव्हा पाजा आणि आठ दिवसांनी आणून दाखवा, एवढं सांगून तिनं पुढचा नंबर पुकारला.

रविवारी वाचनालयात चार जणांसमोर मी मारोतरावांना सगळं सांगितलं. “मी चिट्ठी मांगतली नसती त तुम्ही लिहिली नसती,” ते म्हणाले. मी म्हटलं, “तुम्ही मत मागितलं होतं. खोटं मत मी दिलं.” त्यांनी पाटीवर खडूनं लिहिलं : ‘वाचलं नसेल तर नाही म्हणा. पुस्तक मिळेल.’ त्या दिवशी कोणीही माझ्या चिठ्ठीचं पुस्तक मागितलं नाही. एका बाईनं तर हातात घेतलेलं प्रवासवर्णन चिठ्ठी पाहून परत ठेवलं. ते मी खरंच पूर्ण वाचलं होतं, पण सांगणार कोणाला.

आठव्या दिवशी मुलीचं वजन पावशेर वाढलेलं निघालं. सिस्टर म्हणाली, चालू द्या असंच. घरी येताना प्रेमिला पुढे चालत राहिली. दारापाशी थांबून म्हणाली, “ते पुस्तक अजून माह्यापाशीच हाय. आता पुरं वाचा. इथं बसून, आमच्यासमोर.”

म्हणून दुपारी मी तिच्या घरी जाऊ लागले. मी वाचायची, बायजाबाई सुपात तांदूळ निवडत ऐकायच्या आणि मधूनच हात वर करायच्या. तेल लावण्याचं पान : “हे बराबर.” दात येण्याचं पान : “याले काय ठाऊक!” वजन घटत असेल तर वेळापत्रक सोडावं, असं एक वाक्य छप्पन्नाव्या पानावर सापडलं. ते मी दोनदा वाचलं. प्रेमिला म्हणाली, “इथवर मीबी नव्हती आली. तुमची चिट्ठी होती, मंग पुढं वाचलंच नाई. तेवीसलाच थांबली.” मी पान उलटलं.

“ह्या डॉक्टरच्या घरी लेकरू होतं का वं?” बायजाबाईंनी विचारलं. मी प्रस्तावना पाहिली. त्यात पदव्या होत्या, बाकी काही नव्हतं.

तेवढ्यात पाळण्यातून रडणं आलं आणि मी वाचायची थांबले. प्रेमिलानं मुलीला उचललं, पदराखाली घेतलं, भिंतीला टेकली.

“थांबल्या काहून?” ती म्हणाली. “वाचा ना. मी ऐकून राहिली.”