सवतीची पाठवणी

माझ्या सवतीला चार पाय आहेत आणि वयाने ती माझ्याहून बरीच लहान आहे. नऊ महिन्यांपूर्वी आमच्या ह्यांनी तिला आणलं तेव्हा तिच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. माणूस दिसला की ती भिंतीला अंग घासत कोपऱ्यात शिरायची. भाड्याने सवारी देणाऱ्या कुणा नराधमाकडून तिला सोडवलं होतं. अशा सोडवलेल्या घोड्यांना माणसाळवायचं आणि चांगलं घर बघून द्यायचं, हा ह्यांचा तीस वर्षांचा उद्योग. मला घोड्यांची भीती वाटते हे मी लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं, पण ऐकतो कोण!

हिच्यासाठी ह्यांनी ना दोर वापरला, ना आवाज चढवला. पहिले पंधरा दिवस नुसते रिंगणात जाऊन बसायचे, तिच्याकडे पाठ करून, पेपर वाचत. एके सकाळी तिने मागून येऊन पेपरचा वास घेतला, तर स्वारी घरात आली ती लॉटरी लागल्यासारखी. मग खांद्यावर हात, मग मानेवर, मग तोंडाला म्होरकी, मग एकेक खूर उचलणं. तिने कान मागे पाडले की हे लगेच दोन पावलं मागे. माझ्या ‘नको’ला इतक्या वर्षांत असा मान मिळालेला नाही. तेव्हापासून मी तिला सवत म्हणू लागले आणि तिचं दुसरं नाव ठेवायचं राहूनच गेलं.

सहाव्या महिन्यात तिला घर मिळालं. रोपांची नर्सरी चालवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या म्हाताऱ्या घोड्याची जोडीदारीण गेली होती आणि तो एकटा पडला होता. हे स्वतः तिला गाडीत चढवून घेऊन गेले, तिथल्या तबेल्यात कुरवाळलं आणि परतले. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन. सवत पाण्यालाही तोंड लावत नव्हती, कुणाला जवळ येऊ देत नव्हती, फाटकाकडे बघत उभी होती. तिला परत आणावं लागलं. गाडीतून उतरली आणि तिने सरळ ह्यांच्या काखेत तोंड खुपसलं.

ह्यांचा चेहरा असा फुलला की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ह्यांच्या कमरेचा सांधा बदलायचा होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशननंतर तीन महिने तबेल्यात पाऊल टाकायचं नाही. हे दोनदा तारीख पुढे ढकलून बसले होते आणि अंगणातल्या तीन पायऱ्या चढताना भिंत धरत होते.

“अहो, ती माणसांना सरावलेलीच नाही. ती फक्त तुम्हाला सरावलीय,” मी म्हटलं.

“काहीतरीच तुझं.”

“मग तुम्ही दवाखान्यात पडलात की ही कुणाच्या हातचं खाणार? माझ्या?”

हे खूप वेळ बुटाची नाडी सोडत राहिले.

“चूक झाली माझी,” शेवटी म्हणाले. “बाकीच्या घोड्यांच्या वेळी मी मुद्दाम वेगवेगळी माणसं आत पाठवायचो. हिच्या वेळी नाही पाठवली.”

“का?”

“बरं वाटायचं गं. माझ्याकडेच यायची ना.”

राग होता तो निम्मा तिथेच गेला.

उरलेला निम्मा दुसऱ्या दिवशी परत आला, कारण ह्यांनी परक्या माणसाच्या जागी माझी नेमणूक केली.

“माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. मी भिते.”

“म्हणूनच तू हवीस. भिणारं माणूस घाई करत नाही.”

मग काय, मी रिंगणाच्या मधोमध स्टुलावर बसून मटार सोलू लागले. पाठ तिच्याकडे, जीव मुठीत. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून बोलत राहिले. बोलायला विषय एकच, आमचे हे. ओला टॉवेल पलंगावर टाकतात, विचारलं एक तर सांगतात भलतंच, सगळं सगळं सांगितलं. बाईचं दुःख बाईलाच कळतं म्हणा ना, अकराव्या दिवशी तिने माझ्या खांद्यावरून मान पुढे काढली आणि मटारची टरफलं खाल्ली. तिचा गरम श्वास कानाशी आला तशी मी भीतीने गोठले, आणि खरं सांगते, मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

त्यानंतर नर्सरीवाल्या बाई रोज दुपारी येऊ लागल्या. आधी आम्ही दोघी शेजारी बसायचो, मग मी फाटकापाशी, मग त्या एकट्याच. ह्यांना रिंगणात बंदी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा मात्र सारखा हलायचा. पाच आठवड्यांनी सवतीने बाईंच्या हातची चंदी खाल्ली, म्होरकी घालून घेतली, त्यांच्या मागे चार फेऱ्या मारल्या.

न्यायच्या दिवशी हे म्हणाले, “मी दिसलो तर सगळं मुसळ केरात.” आणि आपण होऊन चंदीच्या खोलीत गेले. दार आतून लावून घेतलं.

बाई दोरी सैल धरून गाडीच्या फळीवर चढल्या. सवतीने एक पाय फळीवर ठेवला आणि थांबली. मान वळवून अंगणाकडे बघितलं. कान टवकारले. खिंकाळली. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. बाईंनी दोरी ओढली नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ही फिरणार. पण तिने हळूच मान खाली घातली, बाईंच्या बाहीचा वास घेतला आणि आत गेली.

गाडी वळल्यावर मी दारावर टकटक केली. हे पोत्यावर बसले होते.

“मागे बघितलं का गं तिने?”

“छे! ढुंकूनही नाही. सरळ चढली.”

“शाब्बास,” म्हणाले आणि बाहेर आले.

दोन दिवस आमचा जीव टांगणीला. हे फोन खिशात घालून फिरत होते, जेवताना तो ताटाशेजारी. तिसऱ्या दिवशी दुपारी तो वाजला. सवत पहिल्या संध्याकाळीच पाणी प्यायली होती, आणि आता स्वतःचं संपवून म्हाताऱ्याच्या चंदीवर डल्ला मारत होती.

हे हसले. भात कालवायला घेतला आणि हात तसाच राहिला.

“दोनदा खिंकाळली होती,” म्हणाले. “चंदीच्या खोलीच्या दाराला फट आहे. एक हाक मारली असती तर फळीवरून उतरून आली असती.”

“मग का नाही मारलीत?”

“आली असती ना, म्हणून.”

मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी डाव्या हाताने फोन माझ्याकडे सरकवला.

“डॉक्टरांना लाव,” म्हणाले. “सोमवारची तारीख मिळते का बघ.”