आतून हात लावला नाही

बाग खात्याच्या खुर्चीवरच्या साहेबा, तू खोटं बोललास. चूक झाली असती तर एवढे कागद काळे केले नसते, चूक कुणाचीही होते. तुला सगळं ठाऊक होतं. ज्या माणसानं तुझ्यापुढं बसून आपली लाज सांगितली, त्यालाच तू गंडवलंस. तुझं नाव इथं येणार नाही. नाव आलं की लोक म्हणतात, हा एकच वाईट निघाला, आणि पुढचा त्याच खुर्चीत बसून तेच करतो.

आता वाचणाऱ्यांसाठी पहिल्यापासून.

चनमल्लप्पा सोलापुरात धोटे करायचा. धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा लाकडी तुकडा, होडीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता. त्याला बारीकसं कुसळ राहिलं तरी सूत अडकून तुटतं, आणि विणकर तो धोटा घेऊन भांडायला दारात येतो. म्हणून चाळीस वर्षं या माणसानं लाकूड गुळगुळीत करण्यापलीकडं काही केलं नाही. आधी रंधा, मग काचपेपर, मग तेलाचा हात, आणि शेवटी गालावरून फिरवून बघायचं. गालाला टोचलं नाही तर सुताला टोचणार नाही.

मग बिनधोट्याचे माग आले आणि दारात भांडायला येणारं कुणी उरलं नाही. अंगणात एक दयाळ यायचा. काळापांढरा, शेपटी वर करून शीळ घालणारा. चनमल्लप्पाची बायको अक्कम्मा म्हणाली, "त्या पाखराला घर करा की. रिकामं बसून माझ्या चहाला नावं ठिवता."

त्यानं मोडीत निघालेल्या मागाचं सागवान आणून पेटी केली. पुढं उतरतं छप्पर, तळाला पाणी निघायला भोकं, दर्शनी फळीला दोन इंची गोल दार. आणि सवयीनं आतूनसुद्धा रंधा मारला, काचपेपर मारला, गालावर फिरवून बघितलं. दयाळाची जोडी आली, चार पिल्लं झाली. पुढं एक दिवस आतून टकटक ऐकू यायला लागली. आई दारासमोर किडा धरून बोलावत होती. अक्कम्मा म्हणाली, "खेळायलीत." टकटक दोन दिवस चालली आणि थांबली. त्यानं झाकण उघडलं तर पिसं फुटलेली चारही पिल्लं तळाशी मरून पडलेली. त्यानं आतल्या फळीवरून बोट फिरवलं आणि त्याला कळलं. पिल्लांना दारापर्यंत चढायला नखं रोवायची असतात. याच्या फळीवर नख ठरत नव्हतं. जगात दुसऱ्या कुठल्या सुताराकडून ही चूक झाली नसती. दुसरा सुतार आतून रंधा मारायचा कंटाळा करतो.

त्यानंतर केलेल्या एकाही पेटीत त्यानं एक काम चुकवलं नाही. दाराच्या खाली, आतल्या बाजूला, पटाशीनं बोटबोटभर अंतरावर आडव्या खाचा. खरखरीत, ओबडधोबड, कुणी बघितलं तर म्हणेल शिकाऊ पोरानं केल्यात.

ही गोष्ट उडत उडत साहेबाच्या कानावर गेली. त्यानं बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा पाजला. "काका, आपल्या बागेत बावीस पेट्या लावू या." चनमल्लप्पाला आयुष्यात कुणी साहेबानं काका म्हटलं नव्हतं.

"बाहेर बसायला एक दांडी हवी ना?" साहेबानं विचारलं.

"दांडी कशाला? पाखराला पाय हायत. दांडीवर कावळा बसतोय आन् आत चोच घालतोय."

साहेब हसला. "आणि आत या खाचा कसल्या?"

तेव्हा चनमल्लप्पानं सांगितलं. अंगणातली पेटी, टकटक, तळाशी पडलेली चार पिल्लं. साहेबानं टेबलावरून हात पुढं करून त्याच्या हातावर ठेवला. चनमल्लप्पानं दोन अटी घातल्या. खाचा बुजवायच्या नाहीत, आणि विणीच्या दिवसांत झाकण कुणीच उघडायचं नाही, खुद्द त्यानंसुद्धा नाही. श्रावणात तो सगळ्या पेट्या उतरवील, जुनं घरटं काढील, कढत पाण्यानं धुऊन उन्हात वाळवील. औषधाची पावडर टाकायची नाही. साहेबानं हे सगळं कागदावर उतरवून सही केली.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा उठली तशा पेट्या झाडांवर चढल्या, सगळ्या उगवतीकडं तोंड करून, कारण इथलं दुपारनंतरचं ऊन पेटीत पिल्लं शिजवील. बागेत झाडणारी बसव्वा त्याला चिडवायची. "अण्णा, लेकींची लग्नं करताना एवढं बघितलं न्हवतं तुमी."

"लेकी उडून परत येत्यात. ह्यांचं तसं न्हाय."

मार्च सरताना चिमण्यांनी सहा पेट्या धरल्या, आणि पंपाच्या खोलीजवळच्या लिंबावरच्या पेटीत दयाळानं घरटं केलं. एप्रिलमध्ये साहेब म्हणाला, "काका, लई दमलात. चार दिवस बार्शीला लेकीकडं जाऊन या. इथं मी आहे." चनमल्लप्पा घरी येऊन अक्कम्माला म्हणाला, "मानूस चांगला हाय गं." आणि एसटीत बसला.

परत आला तर पेट्या ओळखू येईनात. हिरवा-पिवळा चकचकीत रंग, प्रत्येकीवर नंबर आणि खात्याचं नाव. बसव्वा झाडू टेकवून म्हणाली, "कमिटी येऊन गेली, अण्णा. सोच्छ शहरवाली. मोटारी काय, फोटू काय. मला आदीपास्नं तीन दिस सुट्टी दिल्ती. माझी साडी फाटकी हाय म्हनून आसंल."

तो तसाच साहेबाकडं गेला. "पेट्या उतरवल्या हुत्या का?"

"छे. झाडावरच रंगवल्या, फक्त बाहेरून. आतून हात लावला नाही, काका. तुमची अट मला पाठ आहे."

"खाचा?"

"जशाच्या तशा."

दयाळ पुन्हा काड्या नेताना दिसला तेव्हा चनमल्लप्पाच्या मनात पाल चुकचुकली. आधीचं घरटं कुठं गेलं मग? पण रंगाच्या वासानं सोडलं असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. झाकण उघडून बघणं त्याच्या हातात होतं. उघडायचं नाही हा नियम त्यानंच घातलेला, आणि साहेबाला तोही पाठ होता. चोरानं कुलूपवाल्याचीच किल्ली वापरावी तसं हे काम झालं.

मे लागला. पिल्लांचा आवाज सुरू झाला. चनमल्लप्पा रोज सकाळी लिंबाखाली बसून दिवस मोजायचा. पंधराव्या दिवशी पिल्लं बाहेर पडायला हवीत. सोळावा गेला. सतराव्या दिवशी सकाळी बसव्वा जवळ आली.

"अण्णा, तुमच्या पेटीत कोन दार वाजवतंय?"

तो उठला. पंपाच्या खोलीतून शिडी ओढत आणली. वर चढून झाकणाचा स्क्रू काढला, खाली बसव्वानं शिडी धरली होती. आत तीन पिल्लं. दोन मेलेली, एक तोंड वासून पडलेलं. त्यानं फळीवरून बोट फिरवलं. बोट सरळ तळापर्यंत घसरत गेलं. खाचा रंध्यानं सपाट केलेल्या, वरून व्हार्निश. हात झकास होता ज्यानं केलं त्याचा. गालावर फिरवून बघण्यासारखा.

"काय झालं?" बसव्वानं खालून विचारलं.

"बसव्वा, गोनपाट आन. आन् चुका, हातोडी. लई गोनपाट लागंल."

दिवस डोक्यावर येईपर्यंत दोघांनी बावीसच्या बावीस पेट्या उघडल्या. पहारेकरी आडवा आला, बसव्वानं त्याला अशी काही भाषा ऐकवली की तो खोलीत जाऊन बसला. नऊ पेट्यांत पिल्लं होती. चार पेट्यांत एकही जिवंत नव्हतं. बाकीच्यांत त्यानं दाराच्या खाली गोणपाटाच्या पट्ट्या ठोकल्या, जमेल तेवढं हळू. लिंबावरचं ते एक पिल्लू त्यानं पट्टीवर ठेवलं, तर त्यानं नखं रोवली आणि तिथंच लटकून राहिलं. चढायची ताकद त्याच्यात नव्हती. आई तारेवर बसून ओरडत होती. "तुमी जावा," बसव्वा म्हणाली, "मी हाय हितं."

त्यानं एक मोकळी झालेली पेटी बगलेत मारली, मेलेली पिल्लं रुमालात बांधली आणि खात्यात गेला. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. चनमल्लप्पानं दार ढकललं. साहेब एकटाच डबा खात होता.

पेटी टेबलावर ठेवली. रुमाल तिच्याशेजारी सोडला.

साहेबानं डब्याचं झाकण लावलं. "काका, आधी बसा. बघा, कमिटी पेटी उघडून बघते. आत पटाशीचे ओरखडे दिसले असते तर काम कच्चं म्हणून शेरा आला असता. फिनिशिंग लागतं. वरून दबाव असतो, तुम्हाला नाही कळायचं."

"उतरवल्या हुत्या म्हंजे."

"दोन दिवस. गोडाऊनला."

"दयाळाची अंडी हुती त्यात."

"ते मजुरांनी काय केलं ते मी..." साहेबानं घंटी वाजवली. "चहा घ्या."

"चहा नगं." चनमल्लप्पा बसला नाही. "अंडी गेली, ती गेली. दबाव आसंल, त्येबी ऱ्हाऊ द्या. तुमचं पोट हाय, नोकरी हाय, मला कळतंय. पन मी बार्शीवरनं आलो आन् तुमाला हितंच हुबा ऱ्हाऊन इचारलं. तवा कमिटी येऊन गेली हुती. फोटू निगाले हुते. शेरा चांगला पडला हुता. एकाबी पेटीत तवा पिल्लू न्हवतं. तुमी नुस्तं 'व्हय, रंधा मारला' म्हनला असता तर मी त्याच सांजंला पटाशी घिऊन बावीस पेट्यांत खाचा पाडल्या आसत्या. तुमचा एक केस वाकडा झाला नसता."

शिपाई चहा घेऊन आला, रुमालाकडं बघून दारातच थांबला.

"आतून हात लावला न्हाय म्हनून मला सांगितलं. मी माजी पिल्लं कशी मेली ते तुमाला सांगितल्यावर सांगितलं. ते खोटं कुनासाटी हुतं, साहेब? कमिटीसाटी न्हवतं, ती गेली हुती. मग कुनासाटी? उत्तर द्या. मी हितनं हालत न्हाय."