चार बोटं कमी

मी एक जुनी साखळी आहे, मित्रांनो. काचेच्या पेटीत बसून नको तो मान मिरवते आहे. पोरं काचेला नाक चिकटवून माझ्याकडे कौतुकाने बघतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ओहायोतल्या कार्व्हर फेरी गावात एल्मर स्ट्रॉब या लोहाराने मला घडवलं. तिथल्या वीटभट्टीच्या मालकाने नुकताच फुटबॉलचा पगारी संघ काढला होता. पगारी म्हणजे काय, तर आठवडाभर विटा भाजायच्या आणि रविवारी चामडी टोप्या घालून चार डॉलरसाठी चिखलात लोळायचं! हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे; यात चेंडू हातात धरून पळायचं आणि चार प्रयत्नांत तो दहा यार्ड पुढे न्यायचा. नाही जमलं, तर चेंडू समोरच्यांना. ते दहा यार्ड मी मोजायची. दोन टोकांना दोन काठ्या आणि मधे मी. काठ्या धरणारे यजमान गावचेच असत. तशी रीतच होती, कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

तीन वर्षं मी इमानाने मोजलं. पंच म्हणायचे, "एल्मरची साखळी म्हणजे देवाचं माप!" अशी फुगून जायची मी!

चौथ्या वर्षी मालकाने बजावलं, "रविवारी ऑल्डन क्रीक गावच्या संघाकडून हरलात तर संघ बंद. मग बसा गुमान विटा भाजत." एल्मरचा जावई व्हर्जिल संघात होता. त्या खेळावर पोराचा भारी जीव. एल्मरला आठवडाभर घास गोड लागला नाही.

सामन्याची शेवटची दोन मिनिटं उरली. आम्ही तीन गुणांनी मागे आणि हा चौथा प्रयत्न. व्हर्जिल चेंडू छातीशी धरून पडला, त्याच्यावर सात-आठ गडी. पंचांनी मला बोलावलं. एल्मर पुढच्या काठीशी होता. चिखल पुसायचं निमित्त करून तो वाकला आणि माझ्या टोकाच्या दोन कड्या त्याने काठीच्या आकड्यात कोंबल्या. मी चार बोटं आखूड झाले. मला ताणलं, तर चेंडूचं टोक काठीच्या पुढे. जेमतेम, पण पुढे.

"पुन्हा मोजा," पाहुण्यांचा कप्तान वोयचिक म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत पडलाय तो. चेंडू पोचलेला नाही."

"काय रे, आता लोखंडही खोटं बोलतं का?" एल्मर हसला. "हरायची वेळ आली की सगळ्यांनाच साखळी आखूड दिसते!"

अख्खं मैदान खो खो हसलं. पुन्हा मोजलं. कड्या अडकलेल्याच होत्या.

मला बोलता येत नाही, हे खरं. पण मी साधी कुरकुरलेसुद्धा नाही हो! मलाही आमचीच माणसं जिंकायला हवी होती.

पुढच्याच डावात आम्ही जिंकलो. गाव नाचलं. त्या गर्दीतून वोयचिक वाट काढत एल्मरपाशी आला आणि त्याने हात पुढे केला. "मघाशी तोंड सुटलं माझं, राग मानू नकोस. माप ते माप." एल्मरने हात मिळवला, पण मान वर केली नाही. त्याच हिवाळ्यात ऑल्डन क्रीकचा संघ मोडला. त्यांच्या खाणमालकानेही तीच अट घातली होती, हे आम्हाला मागाहून कळलं.

आमचा संघ वाढला, मोठ्या शहरात गेला. मला 'विजयाची साखळी' म्हणून या पेटीत ठेवलं. एल्मरने त्यानंतर कधी काठी धरली नाही. म्हातारपणी तो वर्षातून एकदा यायचा, काचेवर बोट टेकवून पुटपुटायचा, "तू तरी सांग गं कुणाला. माझ्याच्याने होत नाही." मग एका वर्षी तो आला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा म्हणतात. मला फार जपलंत, पुसलंत, चकचकीत ठेवलंत. आता एवढंच करा. माझ्या टोकाच्या त्या दोन कड्या काठीच्या आकड्यात आतून गंजून तशाच घट्ट बसल्या आहेत. कुलूप काढा, फूटपट्टी आणा आणि मला एकदा मोजा.